लाकडी तोफगाडी

लिझबेट बॉम्बहल्ल्यात गेली हे कळलं, त्या सकाळी तिचा नवरा वेंडेलिन बर्लिनजवळच्या कारखान्यात रणगाड्यासारख्या नव्या तोफगाडीचा लाकडी नमुना जोडत होता. पोलाद कापण्याआधी आत माणसं मावतात का, ते अशा नमुन्यात बसून बघायची तिथली रीत होती.

"घरी जा, बाबा," मुकादम क्रुम्बिगेल म्हणाला.

"घर उरलंय कुठं?" म्हणत त्याने रंधा उचलला.

दुपारी तपासणीला आलेला अधिकारी आत बसला आणि ओरडला, "डावीकडं जागाच नाही! कोपर अडतंय."

"पोट अडतंय म्हणा," मागून कोणीतरी पुटपुटलं.

अधिकारी उतरल्यावर वेंडेलिन आत वाकला. आत कोणी नव्हतं. आराखड्याप्रमाणे डावीकडे साठ सेंटिमीटर मोकळी जागा हवी होती. त्याने लाकडी मोजपट्टी सरकवली. ती तिसावरच मऊशा कशाला तरी टेकली.

"वेंडेल, छप्पर ठोक! साहेबांना नमुना बंद करून बघायचाय," क्रुम्बिगेल म्हणाला.

वेंडेलिन हलला नाही. हातातली पट्टी हळूहळू मागे येत होती, पुढे जात होती, अगदी झोपलेल्या लिझबेटच्या श्वासासारखी.

त्या नमुन्याचं छप्पर ठोकायचं अजून राहिलं आहे.