दहा सोडले

इमारतीच्या सांध्यांत पाणी अडवणाऱ्या सीलंटखाली भरायला मोजून कापलेली फोमची दोरी दहा सेंटीमीटर कमी पडली, तीही चाळीसच्या चाळीस सांध्यांत! माप घेणारा डोक्याला हात लावून बसला. वीस वर्षांत त्याचा आकडा कधी चुकला नव्हता. जुन्या टेपचं टोक तुटलेलं होतं, म्हणून थोरला भाऊ दहाच्या खुणेवर अंगठा दाबून ओरडायचा, “दहा सोडले!” आणि हा वहीत मापापुढे ‘वजा दहा’ लिहायचा. गेल्या महिन्यात थोरला गेला. आता दुसरं टोक वहिनी धरायची. टेपही नवाकोरा होता. तिने वही चाळली. “भावजी, मी तर शून्यावर धरत होते. मग हे दहा कुणाचे वजा केलेत?” “दादाचे,” तो पुटपुटला. वहिनी टेप घेऊन पहिल्या सांध्याशी गेली, दहाच्या खुणेवर अंगठा दाबला आणि ओरडली, “दहा सोडले!”