वाजतोय

"नीट कान लाव," तो ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडला. "चावी फिरवली की टाकीतल्या पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज येत राहील. आला की सांग."

त्याची बायको गाडीच्या मागे, पेट्रोल भरायच्या उघड्या तोंडाशी वाकून उभी होती. त्याने चावी फिरवली. तिने ऐकलं. आत अगदी सामसूम होती.

"वाजला का पंप?"

"वाजला," ती म्हणाली.

तोंडातून कसं निघून गेलं ते तिलाही कळलं नाही. त्याने पुन्हा चावी फिरवून पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र तिला पुरतं कळत होतं.

"वाजतोय हो. चांगला वाजतोय."

अकरा वाजता मैदानावरून जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. दारावर सात नंबर चिकटवून झाला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो सकाळी आठला गाडीत बसला, तर स्टार्टर नुसता घरघरत होता, इंजिन काही धरत नव्हतं.

तो खाली उतरला. गाडीच्या पाठीमागे वाकून त्याने क्षणभर गाडीखाली हात घातला, बायकोकडे पाहिलं आणि पुढे गेला. बॉनेटवर गाडीचं पुस्तक तपासणीच्या यादीवर उघडं होतं. जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेली. त्याचं सगळं क्रमवार चाले. बॅटरीपुढे खूण होतीच. पंपापुढे त्याने पेन्सिलीने खूण केली. खूण झाली की तिथे परत जायचं नाही, हा त्याचा नियम.

बारीक आवाज त्याला दोनेक वर्षांपासून ऐकू येत नव्हते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. आज म्हणूनच तिला हाक मारावी लागली होती. एरवी त्या गाडीला तिचा पदर लागलेलाही त्याला खपत नसे.

मागच्या वर्षी तिची आई अत्यवस्थ झाली, तेव्हाही गाडी अशीच खोलून ठेवलेली होती. "दोन दिवस दम धर, मीच घेऊन जातो," तो म्हणाला होता. तिने दम धरला. तिसऱ्या दिवशी घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याने प्लग काढले, पुसले, ठिणगी पाहिली, परत बसवले. इंजेक्टरच्या वायरी एकेक करून तपासल्या. शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या. ती पायरीवर बसून बघत होती. साडेदहाला मित्राचा फोन आला.

"तुम्ही व्हा पुढे," तो फोनमध्ये मोठ्याने म्हणाला. "नाही, पेट्रोल येतंय. पंप वाजतोय ना! बायकोने ऐकलाय."

तिला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडा वेळ वाटलंही.

बारा वाजता तो चिमटीत एक वायर धरून तसाच उभा राहिला. ती वायर कुठून काढली तेच त्याला आठवत नव्हतं. ती उठली आणि त्याच्या समोर, तोंड दिसेल अशी उभी राहिली.

"पंप वाजत नाहीये," ती म्हणाली. "सकाळपासून एकदाही वाजला नाही."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने वायर जागेवर लावली, फ्यूजची पेटी उघडली आणि पंपाचा फ्यूज उपसला. उजेडात धरला. आतली तार जळलेली होती. नवा फ्यूज घालायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

ती न सांगता मागे गेली, वाकली. त्याने चावी फिरवली. आत कुणीतरी गुणगुणल्यासारखा आवाज सुरू झाला.

"वाजला," ती म्हणाली.

स्टार्टर त्याने मारला नाही.

"सकाळी मी टाकीखाली हात घातला होता, तू दुसऱ्यांदा वाजतोय म्हणालीस तेव्हा," तो म्हणाला. "चावी चालूच होती. म्हटलं, पंप अडकला असेल तर निदान थरथरेल. काहीच लागलं नाही हाताला. पण तू म्हणत होतीस वाजतोय. मला वाटलं, कानामागोमाग आता हातही गेला."

तिला काही बोलायचं होतं. तोवर तो खाली उतरून मागे आला.

"तू पुढे बस," तो म्हणाला. "चावी तू फिरव."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि त्या सीटवर ती पहिल्यांदा बसत होती. तिने चावी फिरवली. आरशात तो दिसत होता, पांढऱ्या शर्टासकट जमिनीवर आडवा झालेला, टाकीला तळहात टेकवून. त्याने तिला काही विचारलं नाही.