नऊ दिवसांची पोरगी

दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

राजश्रीने त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, उलटून पाहिल्या, पुन्हा मांडल्या. उलटून उपयोग नव्हता. जरीच्या कापडाची उलटी बाजू लगेच कळते. मोरपंखी साडीतलं ब्लाउजपीस, वर एक तुकडा शिल्लक नाही, आणि ज्यांचं हे काम, त्या चतुराबाईंच्या लेकीचा साखरपुडा रविवारी. आज शुक्रवार.

"अक्कल हाय का तुला?" ती मोठ्याने म्हणाली. "कुनी सांगितलं हुतं दुकान टाकायला? काज-बटनाच्या लायकीची तू. जा, तेच कर."

गाळ्यात दुसरं कोणीच नव्हतं. हे ती स्वतःलाच बोलत होती, आणि ते काही आजच सुरू झालं नव्हतं.

बीडच्या एका टेलरिंगच्या दुकानात तिने अकरा वर्षं काढली होती. कापायचं काम मालकाचं. तिच्याकडे शिलाई, काज-बटन, हातशिलाई. तिथे एखाद्या नव्या मुलीचा हात चुकला, की राजश्री कापड हळूच आपल्याकडे ओढून घ्यायची, टाके उसवून द्यायची आणि म्हणायची, "होतंय गं." नऊ दिवसांपूर्वी तिने धारूरला, एसटी स्टँडच्या मागे, स्वतःचं दुकान मांडलं. आता कात्री तिच्या हातात होती. आणि पहिल्या दिवसापासून, धागा तुटला तरी ती स्वतःला सोडत नव्हती.

तिने बाह्या पिशवीत कोंबल्या. चतुराबाईंना कापड परत द्यायचं, पाया पडायचं, आणि सोमवारी बीडची गाडी धरायची. मालक परत ठेवून घेईल. तिने शटरला हात घातला.

"जराशी थांब गं."

शेजारच्या गाळ्यातल्या वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, बांगड्या भरून भरून बोटं वाकडी झालेल्या. त्यांच्या नि राजश्रीच्या दुकानांमध्ये फक्त एक पत्रा होता. त्यांच्या हातात ताट होतं. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

"तुझ्याकडं कामाला पोरगी हाय ना, तिच्यासाठी आनलंय. सकाळपून तिच्या पोटात काय न्हाई वाटतं."

राजश्री गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं. पत्र्यापलीकडे सगळं ऐकू जात असणार. स्वतःलाच शिव्या देते हे कसं सांगायचं? तिला शरम वाटली. ती म्हणाली, "हां. हाय एक."

"किती दिस झाले तिला येऊन?"

"नऊ."

"नऊ दिसांची पोरगी!" वच्छलाबाई स्टुलावर टेकल्या. "कामचुकार हाय का?"

"न्हाई. सगळ्यांच्या आधी येती. जेवायलाबी उठत न्हाई."

"नियत खराब हाय?"

"न्हाई, मावशी."

"शिवाय येतं का?"

"शिवाय लई चांगलं येतं. कापायची सवय न्हाई. पहिल्यांदाच कापायली."

"मंग कावून बोलायलीस तिला इतकं?"

 राजश्रीने पिशवीतून बाह्या काढून पुढे केल्या. "हे बघा की. दोन्ही एकाच अंगाच्या कापल्या."

वच्छलाबाईंनी बाह्या हातात घेतल्या, गुडघ्यावर ठेवून सुरकुत्या मोडल्या. "तुझा एवढा मोठा आवाज आला, तवा मला वाटलं साडीच गेली. ही तर बाहीच हाय. तिला आधी जेवू घाल. उपाशी मानसाचा हात अजून चुकतो." आणि त्या गेल्या.

राजश्रीने शटर तसंच अर्धं ठेवलं. मशीनपाशी खाली बसून ती भाकरी खाऊ लागली. पहिल्या घासाला डोळे भरून आले. दुसऱ्या भाकरीपर्यंत ती बाहीकडे नीट बघू लागली होती. काठ शाबूत होता. बिघडलं होतं ते फक्त एका बाहीचं वरचं कापड. साडीचं आतलं टोक खोचलं जातं, तिथून वीतभर मिळालं तर? हा काठ कापून त्या नव्या बाहीला लावता येईल.

तिने हात धुतले, चतुराबाईंना फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. 

"खोचायच्या बाजूचं ना?" चतुराबाई म्हणाल्या. "मग कुनाला दिसतंय. साडी देते पाठवून. पर ह्या बारीला नीट बघून काप."

शनिवारी कापड अंथरून राजश्रीने आधी कागदावर दोन बाह्या काढल्या, डावी आणि उजवी, त्यावर तशी अक्षरं घातली. मग कात्री उचलली. "होतंय गं," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. संध्याकाळपर्यंत ब्लाउज तयार झाला. चतुराबाईंच्या लेकीने अंगात घातला, आरशात दोन्ही हात वर करून पाहिलं आणि तशीच उभी राहून हसली.

सोमवारी राजश्री बीडला गेली नाही. घासलेल्या ताटात साखरपुड्याचे दोन पेढे ठेवून ती शेजारच्या गाळ्यात गेली. वच्छलाबाई एका नवरीच्या हातात चुडा भरत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्याकडं कुनी पोरगी न्हाई. मी एकटीच असते."

वच्छलाबाईंनी पेढा अर्धा मोडला, मोठा तुकडा तिच्या तोंडापुढे धरला.

"ठावं हाय मला. पर तुझ्यासाठी म्हनून सांगितलं असतं, तर आयकलं असतंस का तू?"