वाटसरूचं पान

पोपटानं चोचीनं चित्राचं पान ओढलं आणि सत्यभामा गुडघ्यांभोवती हात आवळून पुढं वाकली.

घाटंजीच्या बाजारात फुलचंद पोपटवाल्यापुढं बसायची तिची ही तिसरी खेप. पोपटाचं नाव वकील, कारण दहा नवे पैसे दिसल्याशिवाय तो पिंजऱ्याबाहेर पाय ठेवत नसे. सत्यभामाचा प्रश्न दरवेळी एकच.

"घरचे येतीन काय, भाऊ?"

पानही तेच निघालं. धुळीची वाट, वाटेवर काठी घेतलेला माणूस, समोर घर, दारात दिव्याजवळ उभी बाई.

निघणारच तेच! त्या पानाचा कोपरा फुलचंद आधीच जरासा बाहेर ओढून ठेवायचा. आणि 'माणूस येत नाही' असं सांगणारं विझलेल्या दिव्याचं पान? ते तिच्या पाळीला सरळ बंडीच्या खिशात. नवरा पाच वर्षांपासून दूर आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं. पदरी एक लहान पोर, कापूस वेचून पोट भरायचं. अशा बाईला विझलेला दिवा दाखवायला काळीज दगडाचं लागतं. फुलचंद लबाड होता, पण इतका नाही. शिवाय त्याची स्वतःची बायको सहा महिनेसुद्धा थांबली नव्हती. वाट पाहणारी बाई दिसली की गडी विरघळायचा.

"येते, बाई. वाट धरली त्यानं."

"किती दूर हाय?"

"चालूनच राह्यला. आता काय उशीर!"

ती चित्राकडं बघत राहिली. "याच्या हातात काठी हाय."

"वाटसरू होय ना तो! रस्त्यानं कुत्रे अंगावर येते. काठी पाह्यजेच."

ती उठली, शेजारच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून दाराची एक कडी घेतली आणि निघाली. मागच्या बाजारातही तिनं कडीच घेतली होती. घर सावरून राह्यली बिचारी, असं फुलचंद मनात म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

चौथ्या खेपेला ती पोरीला घेऊन आली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"भाऊ, आज खरं सांगजा. कसंही असो, सांगजा."

फुलचंदचा हात खिशाकडं गेला आणि मागं आला. छे, आपल्याच्यानं होणार नाही!

"आठ दिवसांत दारात उभा राहते, बाई. माह्या शब्दावर जा."

सत्यभामानं पोरीला छातीशी घट्ट ओढलं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. फुलचंदचेही डोळे भरले. त्यानं पैसे घेतले नाहीत.

पुढच्या बाजाराला ती आली नाही.

"आला रे, वकील! आला गडी!" असं म्हणून त्यानं पोपटाला हिरवी मिरची जास्तीची दिली. आयुष्यात एक तरी चांगलं काम आपल्या हातून झालं, या खुशीत तो दुपारपर्यंत होता.

दुपारी सत्यभामाची शेजारीण मथुराबाई धापा टाकत आली.

"सत्यभामा दिसली काय तुले?"

"ते कायले येते आता? नवरा आला असन ना घरी."

"मेलेला माणूस चालत येते काय?" मथुराबाई कडाडली. "जेलात मेला तो. चार महिने झाले. कागद काल आला पाटलाकडं. अन् ही परवाच पोरीले घेऊन पळाली, चूल-भांडे सारं टाकून! 'सजा सरली, तो येऊन राह्यला, पोपटानं सांगतलं,' म्हणे. दाराले आतून चार कड्या लावल्या बाईनं, तरी झोप नोती तिले. आता कुठं पाहू मी?"

फुलचंदचा हात खिशात गेला. विझलेल्या दिव्याचं पान तिथंच होतं.

"नवऱ्याले भ्याली? काहून?"

वाटसरूचं पान सतरंजीवर उघडंच पडलं होतं. मथुराबाईनं चित्रातल्या त्या माणसाच्या हातावर बोट ठेवलं.

"तिचं पह्यलं लेकरू त्याच्या अशाच काठीनं गेलं."