तिसऱ्या मजल्यावरची माणसं

मारुतीने चित्र ललितच्या टेबलावर आडवं ठेवलं. बिल्डर परागंदा झाल्याचं कळताच फ्लॅटचे पैसे भरलेल्या लोकांनी त्याच्या ऑफिसातल्या खुर्च्या नेल्या, पंखा नेला, एकाने तर फोनचा नुसता रिसीव्हर नेला. मारुती उधन्याच्या कापड कारखान्यातली लूमवरची पाळी संपवून पोचला, तेव्हा भिंतीवर हे चित्र तेवढं उरलं होतं.

चित्र ललितनेच बिल्डरसाठी काढलेलं. काळ्या शाईच्या बारीक रेघा, वर जलरंग. चार मजले, निळं आकाश, फाटकाशी गुलमोहर, गच्चीवर डिश अँटेना. डिंडोलीत इमारतीच्या जागेवर अजून बाभळी होत्या. चित्रात मात्र सगळं वेळेत पूर्ण झालं होतं.

मारुतीची बायको रुक्मिणी पुढे झाली. तिसऱ्या मजल्याच्या डावीकडच्या गॅलरीवर तिने बोट टेकवलं.

"ह्यो आमचा फ्लॅट. ह्यात ही कोण ऱ्हात्यात?"

ललितने वाकून पाहिलं. पांढऱ्या झब्ब्यातला पुरुष, आखूड झग्यातली बाई, कठड्यावर पाय टेकलेलं कुत्रं.

"कोणी नाही, ताई. बिल्डर म्हणाला, इमारत रिकामी वाटायला नको. म्हणून टाकली."

"आमचीच जागा घावली व्हय?"

"अगं, चित्र हाय ते," मारुती म्हणाला.

"मग दुसरं काय हाय आपल्याकडं?"

ती ललितकडे वळली.

"काढा त्यांना, भाऊ."

"निघायची नाहीत. शाई पक्की आहे. वरून रंग दिला, तरी जलरंग पातळ; खालची रेघ दिसतेच."

"खरवडून?"

"कागद फाटेल. तुमची गॅलरीच जाईल."

रुक्मिणीने पटकन बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "रंग तरी द्या. तिला हिरवं लुगडं करा. त्या बाप्याला ह्यांच्या शर्टावानी निळं."

ललितने ब्रश ओला केला. हिरवा रंग बाईवर पायापर्यंत उतरला, पण झग्याची रेघ गुडघ्यापाशी तशीच राहिली. पुरुष निळा झाला. झब्बा झब्बाच राहिला.

रुक्मिणी निरखत होती. "माझ्यावानी न्हाई दिसत."

"दुरून दिसेल," ललित म्हणाला. बिल्डरकडे चार वर्षं काढल्यावर एवढं बोलायला तो शिकला होता.

मग त्याने ब्रश कुत्र्याकडे नेला. "ह्याला भिंतीचा रंग देतो. फारसं नजरेत यायचं नाही."

"नको," रुक्मिणी म्हणाली. "त्याला ऱ्हाऊ द्या. आम्ही ऱ्हायला जाईस्तवर घराची राखन करील."