पाहुण्यांची चिलापी

वर्षाला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे बाजूला सारले आणि धरणातून नुकत्याच काढलेल्या तीन चपट्या चिलाप्या, अख्खे मासेच, तिच्यापुढे टाकल्या.

"काप. हातावरून पोरगी समजते," मुलाची आई म्हणाली.

वर्षानं पहिलीचे आडवे तुकडे केले.

"असं तर कोणीबी कापते."

दुसरी अख्खी ठेवून तिनं मसाल्यासाठी चिरा दिल्या.

"आमच्याकडे काटा काढून कापतेत. येते का?" आपली बशीही कधी विसळली नसावी असा नवरा मुलगा, बादल, हसला.

वर्षानं विळी त्याच्याकडे सरकवली. "तुमचाबी हात पाहू द्या."

बादलनं तोऱ्यात तिसरी फाडली. पित्ताची पिशवी फुटून हिरवं, कडूजहर पाणी मांसभर पसरलं.

वर्षा हात धुवून उठली. "पोहे खाऊन जा, काकू. पोरगा पसंत नसला तरी आमी पाहुण्याले उपाशी धाडत नाही."