पांढऱ्यावर पांढरं

"माझ्या लिलीत तुझा पराग घातलास ना?" ताई कुंपणापलीकडून कडाडली. "बघ, फूल आतून पिवळंजर्द निघालंय!"

बाबांच्या बागेची वाटणी झाली तेव्हा पांढऱ्या ट्रम्पेट लिली तिला मिळाल्या, पिवळ्या मला. तीन वर्षांपूर्वी तिने पांढऱ्या फुलावर पांढऱ्याचाच पराग लावला, दुसरा पराग शिरू नये म्हणून वर चांदीच्या कागदाची टोपी चढवली. तरीही भरवसा नको म्हणून, मी घरात नसताना माझे सगळे पिवळे कंद उपटून उकिरड्यावर फेकले. ताईचं काम नेहमीच चोख. त्या फुलाच्या बियांचं आज हे पहिलं फूल.

"पराग कुठून आणू? काही शिल्लक ठेवलंस का माझ्याकडे?"

"मग हा पिवळा आला कुठून?"

"बाबांकडून. तुझ्या पांढऱ्या आणि माझ्या पिवळ्या त्यांनी एकाच शेंगेतल्या बियांपासून वाढवल्या होत्या. तुझ्या पांढऱ्यांच्या पोटात पिवळा पहिल्यापासून आहे."

कंद उपटताना घाईत माझ्या वाफ्यात विसरलेलं तिचं खुरपं मी कुंपणावरून तिच्या पायाशी टाकलं.

"घे. आता हेही उपट."